पोकॉकचा कोळी आणि कंसातले नाव

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेअकराच्या सुमारास गगनबावड्याकडचा एक शेतकरी आमच्या रुग्णालयात आला. सोबत चार नातेवाईक आणि लोणच्याची एक रिकामी बरणी. बरणीत तळहाताएवढा केसाळ कोळी. जुन्या झाडाचे लाकूड फोडताना तो बोटाला चावला होता. चावा म्हणजे जेमतेम दोन ठिपके. पण मनगटाच्या वर सुतळी करकचून आवळलेली होती आणि चाव्याच्या जागी कुणीतरी ब्लेडने तीन छेद दिले होते. पंजा सुजून निळसर पडला होता. नातेवाइकांनी वाटेत मोबाइलवर चित्रे पाहिली होती आणि हा कोळी परदेशातला, माणूस मारणारा आहे, असे गाडीतच ठरवून टाकले होते.

आम्ही सुतळी सोडली, जखमा साबणपाण्याने धुतल्या, धनुर्वाताची सुई आणि वेदनाशामक दिले. बरणीचे दोन-तीन फोटो काढून मी कोळ्यांचा अभ्यास करणाऱ्या एका स्नेह्याला पाठवले. पुढच्या पायांची खालची बाजू पिवळी, पोटाखाली फिकट पट्टा. उत्तर लगेच आले: पॉसिलोथेरिया रेगॅलिस. झाडाच्या ढोलीत राहणारा आपल्याकडचाच टॅरांटुला. जीव जाणार नाही, पण एक-दोन दिवसांनी स्नायूंत पेटके येऊ शकतात, तेवढे सांभाळा, असा सल्ला सोबत होता. आणि तसेच झाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रुग्णाच्या दंडात आणि मांड्यांत पेटके आले. आम्ही त्यासाठी तयार होतो, त्यामुळे कुणी घाबरले नाही. तिसऱ्या दिवशी तो चालत घरी गेला. हाताची जखम भरायला मात्र तीन आठवडे लागले. ती चाव्याची नव्हती, ब्लेडची होती.

त्या रात्री मला उपयोगी पडले ते एक नाव. त्या नावाचा पूर्ण उच्चार केला तर त्याच्या शेवटी एक आडनाव आणि एक वर्ष येते: पोकॉक, 1899. हा पोकॉक कोण, याची चौकशी करत गेलो तेव्हा लक्षात आले की प्राणिशास्त्रात ख्यातनाम असलेल्या या माणसाचा आपल्या सह्याद्रीशी, कोल्हापूरशी आणि माझ्यासारख्या डॉक्टरांच्या रोजच्या कामाशी फार जवळचा संबंध आहे.

रेजिनल्ड इनिस पोकॉक यांचा जन्म 4 मार्च 1863 रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टलजवळच्या क्लिफ्टन येथे झाला. वडील धर्मोपदेशक. शाळा ऑक्सफर्डला होती, आणि तिथल्या संग्रहालयात प्राण्यांच्या शरीररचना पाहण्याची मुभा या मुलाला मिळाली. पुढे ब्रिस्टलच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी जीवशास्त्र आणि भूशास्त्र शिकून घेतले. 1885 मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या प्राणी विभागात सहायक म्हणून रुजू झाले. वर्षभर कीटकांचे काम केल्यावर त्यांच्याकडे कोळी, विंचू, गोम आणि पैसा यांचा संग्रह सोपवण्यात आला. म्हणजे ज्या प्राण्यांकडे बघून लोक चप्पल शोधतात, नेमके तेच.

त्या काळी मुंबईहून लंडनला जाणाऱ्या बोटींतून स्पिरिटने भरलेल्या बाटल्या जात. 1883 मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन झाली होती. तिचे चिटणीस हर्बर्ट फिप्सन हे व्यवसायाने मद्यविक्रेते, आणि सोसायटीचा संसार बरीच वर्षे त्यांच्याच दुकानाच्या जागेत चालला. वनखात्यातले अधिकारी, रेल्वेचे अभियंते, लष्करातले डॉक्टर हे सारे जंगलात काही वेगळे दिसले की बाटलीत घालून धाडत. लंडनमध्ये ती बाटली उघडायची, आतल्या जिवाचे पाय, डोळे, केस मोजायचे, जुन्या वर्णनांशी ताडून पाहायचे आणि नवा असेल तर त्याचे बारसे करायचे, हे पोकॉक यांचे काम. एका मोठ्या काळ्या इंगळीला त्यांनी फिप्सन यांचे नाव दिले. एका मद्यविक्रेत्याचे नाव विंचवाला लागले ते असे.

1899 आणि 1900 ही दोन वर्षे भारतीय कोळ्यांच्या दृष्टीने फार मोलाची ठरली. पोकॉक यांनी सोसायटीच्या नियतकालिकात आणि लंडनच्या शोधपत्रिकांत एकामागून एक नव्या जाती जाहीर केल्या. आमच्या बरणीतला रेगॅलिस त्यातलाच. आंध्रातील गुत्ती या रेल्वेच्या गावी मिळालेला, निळ्या रंगाने झळकणारा पॉसिलोथेरिया मेटॅलिका हाही 1899 चाच. तो त्यानंतर शंभर वर्षे कुणाला दिसला नाही, आणि 2001 मध्ये नंद्याल व गिद्दलूरमधल्या जंगलात पुन्हा सापडला. 1900 मध्ये ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेत पोकॉक यांचा कोळी-विंचवांवरचा खंड प्रसिद्ध झाला. आजही भारतात टॅरांटुलाचा अभ्यास करणाऱ्याला पहिले पान तिथूनच उलटावे लागते.

टॅरांटुला या शब्दाचीही एक गंमत आहे. तो मुळात इटलीतल्या टॅरांटो या शहरावरून आलेला. तिथल्या शेतात एक लांडगा कोळी असतो. तो चावल्यावर माणसाला वेड लागते आणि बेभान नाचल्याशिवाय विष उतरत नाही, असा समज काही शतके पक्का होता. डॉक्टरांनी त्याला रोगाचे नावही दिले होते. पुढे युरोपीय लोक अमेरिकेत गेले, तिथे मोठे केसाळ कोळी पाहिले आणि ओळखीचे नाव त्यांना चिकटवले. मूळ मालक बाजूला राहिला, नाव दुसऱ्याच कुटुंबाला लागले. बोलीभाषेत असेच होते. म्हणूनच शास्त्राला स्वतःची वेगळी नोंदवही ठेवावी लागते.

ही नोंदवही समजून घ्यायला आपल्याला सात-बाराचा उतारा उपयोगी पडेल. प्रत्येक प्राण्याचे नाव दोन शब्दांचे. पाठ्यपुस्तकातल्या मराठीत पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा. प्रजाती म्हणजे आडनाव, जाती म्हणजे व्यक्तीचे नाव, असे समजू. नाव देणाऱ्याला एक मूळ नमुना संग्रहालयात ठेवावा लागतो. तो या व्यवहाराचा खरेदीदस्त. वाद झाला की सगळे त्या दस्ताकडे जातात. पुढे एखाद्या अभ्यासकाला वाटले की हा प्राणी चुकीच्या घरात नोंदला गेला आहे, तर तो पुराव्यानिशी फेरफार करतो. प्राणी दुसऱ्या प्रजातीत जातो. त्याचे जातीचे नाव मात्र सोबत जाते, फार तर लॅटिन व्याकरणाप्रमाणे शेवट बदलतो.

आणि अशा वेळी पहिल्या नाव देणाऱ्याचे आडनाव कंसात टाकले जाते. सात-बारावर नाव कंसात गेले म्हणजे त्या माणसाचा हक्क गेला, हे आपल्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते. प्राणिशास्त्रात उलटे आहे. कंस म्हणजे हक्क कायम, फक्त घर बदलले. पॉसिलोथेरिया रेगॅलिस पोकॉक, 1899 असे कंसाविना लिहिलेले दिसले तर समजावे की पोकॉक यांनी ठेवले त्याच घरात तो कोळी आजही आहे. हॅप्लोक्लास्टस व्हॅलिडस (पोकॉक, 1899) असे दिसले तर समजावे की पोकॉक यांनी त्याला दुसरीकडे ठेवले होते, नंतर कुणीतरी हलवले. हा व्हॅलिडस महाराष्ट्राच्या सह्याद्रीतला, जमिनीत बीळ करून त्याला झाकण बसवणारा कोळी. एका कंसात त्याच्या सव्वाशे वर्षांचा फेरफार मावला आहे.

कंस येतो तसा जातोही. नाशिकच्या एका टॅरांटुलासाठी पोकॉक यांनी 1900 मध्ये हेटेरोफ्रिक्टस अशी नवी प्रजाती केली आणि त्याला मिलेटी हे नाव दिले. 1985 मध्ये ऑस्ट्रेलियातील कोळीतज्ज्ञ रॉबर्ट रेव्हन यांनी जगभरच्या अशा कोळ्यांची मोठी फेरमांडणी केली. त्यात त्यांना हेटेरोफ्रिक्टस हे घर वेगळे ठेवण्याचे कारण दिसले नाही. त्यांनी ते पोकॉक यांच्याच दुसऱ्या एका प्रजातीत, प्लेसिओफ्रिक्टसमध्ये, विलीन केले. नाशिककर कोळी कंसात गेला. एकोणतीस वर्षांनी, 2014 मध्ये, झीशान मिर्झा आणि राजेश सानप या अभ्यासकांनी पुन्हा नमुने तपासले आणि पोकॉक बरोबर होते, हे घर वेगळेच आहे, असे दाखवून दिले. मिलेटी आपल्या घरी परतला आणि कंस गळून पडला. त्याच वेळी या प्रजातीत दोन नव्या जातींची भर पडली. एक मुंबईच्या आरे कॉलनीतली, म्हणून आरेयेन्सिस. दुसरीला नाव दिले रेव्हेनी, म्हणजे ज्यांनी हे घर मोडले होते त्या रेव्हन यांच्या सन्मानार्थ. शास्त्रातले मतभेद असे मिटताना पाहिले की आपल्या क्षेत्रातल्या भांडणांची थोडी लाज वाटते.

घर वेगळे की एकच, हे ठरवतात कशावरून? रंगावरून नाही. रंग वयाप्रमाणे आणि कात टाकण्याप्रमाणे बदलतो. स्पिरिटमध्ये तर उडूनच जातो. मादीच्या शरीरातील वीर्य साठवण्याच्या पिशवीचा आकार, नराच्या तोंडाजवळील स्पर्शपादाच्या टोकाची गाठ, आणि आवाज काढण्याची यंत्रणा या गोष्टी पाहतात. काही टॅरांटुला शरीरावरचे ताठ केस एकमेकांवर घासून फिसकारल्यासारखा आवाज काढतात. हे केस कुठे आहेत, जबड्याजवळ की पायांच्या मुळाशी, यावर पोकॉक यांनी फार आधी, 1895 मध्येच लिहिले होते. आता डीएनएची जोड मिळाली आहे, पण हे केस मोजणे सुटलेले नाही.

1904 मध्ये पोकॉक यांच्या आयुष्याला वळण मिळाले. म्युझियममधील अठरा-एकोणीस वर्षांत सुमारे दोनशे शोधनिबंध लिहून ते लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचे अधीक्षक झाले. बाटलीतल्या मेलेल्या जिवांकडून पिंजऱ्यातल्या जिवंत प्राण्यांकडे आले. तिथे ते 1923 पर्यंत राहिले. 1911 मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले. इतरांना जे कातडे आणि कवटी यांवरून ओळखावे लागे, ते त्यांना ताजे पाहायला मिळत होते: नाकाचा ओला भाग, पंजाची गादी, कानाचा पडदा, ग्रंथी.

याच काळात कोल्हापूर त्यांच्या टेबलावर आले. 1910 मध्ये, शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, कोल्हापुरात बिबट्या नर आणि सिंहीण यांच्या संकरातून दोन बछडे जन्मले. एक अडीच महिन्यांत दगावले. त्याचे कातडे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे तेव्हाचे चिटणीस मिलार्ड यांनी लंडनला पोकॉक यांच्याकडे पाठवले. 1912 च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी एका इंग्रजी साप्ताहिकात त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. अंगावर बिबट्यासारखे ठिपके, पण कुशीवरचे लहान, दाट आणि पुसट, सिंहाच्या पिलाच्या अंगावरून मावळत जाणाऱ्या ठिपक्यांसारखे. शेपटीच्या टोकाला काळसर लांब केस. कानामागे काळा पट्टा, पण बिबट्याचा पांढरा ठिपका नाही. बिबट्या आणि सिंह यांच्या अशा संकराची जगातली ही पहिली विश्वासार्ह नोंद मानली जाते, आणि ती आपल्या गावची आहे. दुसरे पिलू तेव्हा जिवंत होते.

त्या पिलाला शास्त्रीय नाव मात्र मिळाले नाही. संकराला स्वतंत्र जात मानायचे नाही, असा नियमच आहे. पोकॉक यांनी नवे नाव ठोकून देण्याचा मोह टाळला आणि जे दिसले तेवढेच लिहिले.

चार वर्षांनी, 1916 मध्ये, त्यांनी मोठ्या मांजरांची मांडणी बदलली. कवटीची ठेवण आणि गळ्यातले हायॉइड हाड यांचा अभ्यास करून सिंह, वाघ, बिबट्या आणि जग्वार हे चौघे पँथेरा या एकाच प्रजातीचे, असे त्यांनी मांडले. लिनियसने 1758 मध्ये वाघाला मांजराच्याच घरात, फेलिसमध्ये, ठेवले होते. आज आपल्या मुलांच्या पुस्तकात पँथेरा टायग्रिस असे लिहिलेले असते आणि पुढे लिनियसचे नाव कंसात असते. तो कंस पडण्यात पोकॉक यांचा मोठा वाटा आहे. चांदोली-कोयनेच्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या पाटीवरचा वाघ आणि आमच्या लोणच्याच्या बरणीतला कोळी, दोघांच्या नावामागे एकच माणूस उभा आहे.

त्यांचे सगळेच टिकले असे नाही. बिबट्याच्या अनेक पोटजाती त्यांनी कातड्यांवरून केल्या. मिलार्ड यांचे नाव दिलेली काश्मिरी पोटजात आता भारतीय बिबट्यातच धरली जाते. इंगळ्यांची 2020 मध्ये मोठी फेरमांडणी झाली आणि फिप्सनच्या नावाची इंगळीही दख्खनवरून नाव पडलेल्या नव्या प्रजातीत गेली. पोकॉक यांच्या नावाभोवती आणखी एक कंस आला.

आता माझ्या स्वतःच्या चुकीकडे येतो. आपल्याकडचा लाल विंचू इंगळीपेक्षा लहान, पण कितीतरी घातक. त्याला 1798 मध्ये फॅब्रिशियसने टॅम्युलस हे नाव दिले. पोकॉक यांच्या 1900 च्या ग्रंथात तो ब्यूथस टॅम्युलस आहे आणि त्याचा कोकणातला प्रकार त्यांनी कोकणाच्याच नावाने वेगळा नोंदवला. पुढे तो मेसोब्यूथस झाला. 2007 मध्ये हॉटेनटोटा झाला आणि कोकणी प्रकाराचा वेगळेपणाही नव्या यादीत पुसला गेला. विंचू तोच, दगडाखाली बसलेला. बदलली ती आपली नोंद.

मी शिकत असताना जुन्या पुस्तकात एक नाव होते, नव्यात दुसरे, आणि मी काही वर्षे हे दोन वेगळे विंचू समजत होतो. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या तरुण डॉक्टरांसाठी विंचूदंशावर टिपण करायची वेळ आली. मी फक्त नव्या नावाने शोध घेतला. त्यामुळे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे 1982 आणि 1986 चे ‘लॅन्सेट’मधले मूलभूत काम माझ्या यादीतून सुटले, कारण ते जुन्या नावाखाली होते. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने ते वेळेवर दाखवले म्हणून बरे. लाल विंचवाच्या विषाने हृदयावर ताण येऊन फुफ्फुसात पाणी होते आणि प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध वेळेत दिले तर जीव वाचतो, हे ज्या कामाने जगाला सांगितले, तेच माझ्या टिपणात नसते, तर त्याची किंमत कुणाच्या तरी लेकराने मोजली असती. तेव्हापासून मी नावांच्या फेरफाराला वैज्ञानिकांचा रिकामा उद्योग म्हणत नाही. जुने नाव आणि नवे नाव दोन्ही लिहायचे, हा नियम मी आमच्या केसपेपरपुरता तरी पाळतो.

निवृत्तीनंतर पोकॉक पुन्हा म्युझियममध्ये गेले, या वेळी सस्तन प्राण्यांच्या विभागात, स्वयंसेवक म्हणून. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या सर्वेक्षणात भारतभरातून जमलेली हजारो कातडी आणि कवट्या तिथे होत्या. त्यांतून भारतातील सस्तन प्राण्यांवरचा ग्रंथ उभा राहिला. पहिला खंड 1939 मध्ये, दुसरा 1941 मध्ये आला. तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि लंडनवर नुकतेच बॉम्ब पडून गेले होते. 9 ऑगस्ट 1947 रोजी ते वारले. ज्या देशाच्या कोळ्या-वाघांची नोंद ठेवण्यात आयुष्याचा मोठा भाग गेला, तो देश सहा दिवसांनी स्वतंत्र झाला. ती नोंद आता आपली माणसे पुढे चालवत आहेत, आणि जिथे पोकॉक चुकले तिथे दुरुस्त करत आहेत.

वाचकांना डॉक्टर म्हणून एवढेच सांगायचे आहे. आपल्याकडचा टॅरांटुला चावल्याने माणूस दगावल्याची खात्रीलायक नोंद नाही. दुखते, सूज येते, ढोलीतल्या कोळ्याच्या चाव्यानंतर काही दिवस पेटके येऊ शकतात. जखम साबणपाण्याने धुवा, हात हलवू नका, रुग्णालयात या. बांधू नका, कापू नका. विंचू चावल्यानंतर घाम, उलटी, हातपाय गार पडणे यांतले काहीही दिसले, विशेषतः लहान मुलाला, तर विंचू उतरवणाऱ्याकडे एक मिनिटही घालवू नका, थेट जवळचे आरोग्य केंद्र गाठा. आणि प्राणी पकडण्याच्या नादात दुसरा चावा घेऊ नका. लांबून काढलेला फोटो पुरेसा आहे.

बरणीतला कोळी रुग्णासोबतच परत गेला. घरी सोडायच्या दिवशी त्या शेतकऱ्याने मला त्याचे नाव पुन्हा विचारून घेतले. रेगॅलिस म्हणजे राजेशाही, असे मी सांगितले. पंधरा दिवसांनी तो पट्टी बदलायला आला, तेव्हा त्याने सांगितले की कोळी त्याने गावाबाहेरच्या जुन्या आंब्याच्या ढोलीजवळ सोडून दिला आहे.